सूनबाईचं मशीन

"कारखान्याच्या तीन नंबरच्या शेडमधून गॅस सुटलाय. मागच्या वस्तीने लगेच घरं सोडा. सगळ्यांना पाठवा."

पडद्यावरचा मेसेज तिने पुन्हा एकदा वाचला. गावात कारखाना एकच, आणि तिथेच तिचा नवरा फोरमन होता. मागच्या वस्तीत तिचं घर होतं, आणि घरात सासूबाई एकट्या.

तिच्या ऑफिसात खोट्या बातम्या ओळखणारं मशीन घडत होतं. मशीन अडलं की मेसेज तिच्याकडे यायचा, पाठवणाऱ्याचं नाव झाकून. ती 'खोटं' म्हणाली की मशीन ते शिकायचं आणि लोकांच्या मोबाईलवरच्या तसल्या सगळ्या मेसेजांवर लाल शिक्का मारून मोकळं व्हायचं. सासूबाईंना या कामाचा कोण अभिमान! शेजारणींचे मोबाईलसुद्धा त्याच तपासायच्या. "लाल आहे ना? मग थापा आहेत. आमच्या सूनबाईचं मशीन आहे ते."

तिने नवऱ्याला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेजच. गप्पा मारत बसलाय म्हणजे काही झालेलं नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"ताई, कारखान्यात विचारून घ्या ना आधी," शेजारच्या टेबलावरची म्हणाली. "तोवर 'शंका'वर ठेवा."

शंकेवर ठेवायचं म्हणजे घडलं असेलही, हे कबूल करायचं. तेच तिला सोसवेना. आणि 'सगळ्यांना पाठवा' म्हणणारे मेसेज बहुतेक बंडलच असतात, हे तिला कुणी शिकवायला हवं होतं का? तिने 'खोटं' दाबलं. जिवाला जरा बरं वाटलं. टेबलाखाली पाय मात्र हलतच राहिला.

दहा-पंधरा मिनिटांनी फोन वाजला. नवरा धापा टाकत होता.

"अगं, फायर ब्रिगेडशी बोलत होतो, तुझा फोन घेता येईना. आम्ही बाहेर पडलोय, पण वारा वस्तीकडे आहे. तिथलं कुणी हलायलाच तयार नाही!"

"आणि आई?"

"तिनेच तर सगळ्यांना थांबवलंय. माझ्या मेसेजवर लाल शिक्का आलाय म्हणे. मी ओरडून सांगितलं, तर मलाच म्हणाली, तुला कुणीतरी फसवलंय, सूनबाईचं मशीन चुकायचं नाही. आणि फोन ठेवला. आता उचलतच नाहीये."