कोळंबीला जोडीदार

“हिला एक नर दे,” म्हणत नर्मदाबाईंनी काचेची बरणी काउंटरवर ठेवली.

अंकुशने ती उजेडाला धरली. आत एकच बारकी कोळंबी होती. बोईसरच्या त्याच्या दुकानात शोभेचे मासे मिळत आणि बोटाच्या पेराएवढ्या लाल कोळंब्याही.

“घरात कोणाला नाद हाय, आजी?”

“सुनंला. आजारातनं उठली तवापासून बोलत न्हाई, धड जेवत न्हाई. दिवसभर ह्या बरणीपुढं बसती. म्हटलं, पिल्लं झाली तर मन रमंल तिचं.”

नर्मदाबाईंना खरंच घोर लागला होता. सुनेला, प्रियदर्शिनीला, त्यांनी स्वतः पसंत करून नाशिककडून सालवडला आणलं होतं. मुलगा दिग्विजय कारखान्यातून येई आणि बायकोकडे न बघताच जेवून झोपे. घरात भांड्यांचा काय तो आवाज.

“मग तुमाला मादी लागेल,” अंकुश म्हणाला. “ही मादी नाय. नर हाय.”

“मादीच हाय. बारकी, फिकी. नर कसा रुबाबदार असतो. कोंबडा बघ, मोर बघ.”

“हितं उलटं असतं.” त्याने टाकीतली एक कोळंबी जाळीने काढून वाटीत सोडली. “ही मादी. थोराड, लालभडक. पोट खाली झुकलंय बघा, अंडी तिथं धरते. मानेमागं पिवळट डाग दिसतो? ती खाली उतरायच्या आधीची अंडी. आता तुमची बघा. सडपातळ, रंग उतरलेला, पोट सरळ. कोळंबी म्हणतात म्हणून काय सगळ्या बाया नसतात!”

तो हसला. नर्मदाबाई हसल्या नाहीत.

“लहान असंल अजून. वाढली की व्हईल लाल.”

“पुरी वाढलेली हाय, आजी. आणली कुठनं?”

“डॉक्टरनं दिली.”

“दवाखान्यात माशांच्या दोन टाक्या हायत, त्या? मग प्रश्नच नाय. तो माझ्याकडनंच नेतो. नर वेगळे, माद्या वेगळ्या, मीच निवडून देतो. पेशंटला भेट देतो म्हणे. हौशी माणूस!”

नर्मदाबाईंनी बरणी जवळ ओढली. आतला जीव काचेला चिकटून स्थिर होता. त्या तिथल्याच स्टुलावर टेकल्या.

“एकदा अजून बघ की रं,” त्या म्हणाल्या. “चुकत असशील.”

“यात मी चुकायचा नाय. मादी भरून देऊ?”



पोटात काय आहे ते तोंडाने सांगणं गुन्हा, म्हणून सोनोग्राफी झाली की तो डॉक्टर नुसती एक पिशवी हातात ठेवी: मुलगा असेल तर नर, मुलगी असेल तर मादी. पिशवीतली ती बारकी, फिकी कोळंबी पाहून नर्मदाबाईंनी दुसऱ्याच दिवशी सुनेचा गर्भ पाडून घेतला होता.