मुराळी आणि मोटर

"मोटर चालू झाल्याशिवाय काही खरं नाही, पाव्हणे," लीलाधरआबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मोटर नुसती गुणगुणली. फिरली नाही.

कौतिकनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. उद्या आखाजी, लेकी माहेरी येऊन झोके घेतात तो अक्षय्य तृतीयेचा सण. नर्मदेला माहेरी न्यायला तो मुराळी होऊन धुळ्याहून पहाटेच्या एसटीनं जळगावला आला होता, आणि बहिणीचे सासरे त्याला पडवीतलं मिलिंग मशीन दाखवत बसले होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आबांनी ते भंगारातून जमवलं होतं. त्यावर पितळ कापून चक्रांना दाते पाडता येत. म्हाताऱ्या माणसाला एखादा नाद असावा, पण नादापायी सून अडवून ठेवायची म्हणजे हद्द झाली.

"आबा, बठ्ठा गाव वाट दखी ऱ्हायना," तो जमेल तितक्या नरमाईनं बोलला. "माय तं दारमाच बठेल शे. दुपारनी गाडी शे."

"मला का कळत नाही? पण हे एवढं चालू होऊ द्या. मग बघा, कशी लगेच निघते ती."

नर्मदा पाणी घेऊन आली. भावाला "कसा शेस?" एवढंच म्हणाली. तिची नजर मशीनवर होती. नवरा भुसावळला ड्युटीवर आणि घरात हा हट्टी म्हातारा; बिचारी बोलणार कुणाजवळ?  घरी निंबाला झोका कौतिकनं स्वतः बांधला होता. बहीणच नसेल तर त्यावर काय माकडं बसवायची?

भांडावं तर सोयऱ्याचं घर. त्यानं बाह्या वर सारल्या. विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"सरका, आबा."

आबा चटकन सरकले. "बघा बुवा. लोखंडाचं काही सांगा, करतो. विजेला मात्र मी भितो."

कौतिकनं पट्टा उतरवला. शाफ्ट हातानं सहज फिरला, म्हणजे बेअरिंग ठीक. जळका वास नव्हता, म्हणजे वाइंडिंगही शाबूत असावं. मग त्यानं पुलीला दोरी गुंडाळून झटका दिला आणि बटण दाबलं. मोटर पळायला लागली. बंद करून पुन्हा लावली, तर पुन्हा नुसती गुणगुण.

"कपॅसिटर गया, आबा. सुरू व्हताना धक्का भेटत नही तिले."

आबांची सायकल घेऊन तो त्यांनी सांगितलेल्या नूर महंमदच्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानात गेला, नवा कपॅसिटर घेऊन आला आणि जोडला. या वेळी मोटर एका दमात सुरू झाली. आबांनी त्याला मिठीच मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कौतिकचा राग कुठल्या कुठे पळाला.

"आते तरी धाडा तिले," तो हसत म्हणाला.

"नर्मदे, ये गं पोरी," आबांनी आत बघून हात जोडले. "झाली चालू. आता तरी जा."

नर्मदा आली. पदर खोचलेला, हातात पिशवीऐवजी अर्धवट कापलेलं पितळी चक्र. तिनं ते मशीनवर आवळून बसवलं, हॅण्डल धरलं आणि भावाकडे पाहून हसली.

"बस जरासा, भाऊ, चारच दात राह्यनात. आबासनी तं परवदिनच माले धुळानी गाडीमा बसाडी देल व्हतं. पारोळाले उतरीसन मीच परत फिरनू."