आधी उतरलेले

धर्मशाळेच्या दाराला कडी होती. मीराबाई पाहतच राहिली.

डोंगरगडपासून ती नवऱ्याला सांगत आली होती, "रायपुरात चिंता नाही. आमच्या धर्मशाळेले कडीच नाही. बाबानं लावूच देली नाही." तिचे वडील इथले दिवाणजी. जगन्नाथपुरीला पायी जाणारे या ओसरीवर उतरत आणि परकरातली मीरा त्यांच्या फुटलेल्या टाचांवर कोमट पाणी ओतत असे. मग ती लग्न होऊन गोंदियाला गेली, वडीलही गेले, आणि रायपूरच्या या पुरानी बस्तीत येणं राहूनच गेलं. आता ती स्वतः नवऱ्याबरोबर, गुलाबरावांबरोबर, पायी पुरीला निघाली होती.

दारावर कुठल्याशा सरकारी कार्यालयाची नवीकोरी पाटी होती.

गुलाबरावांना चालवेना म्हणून येताना वाटेतले लॉजही विचारून झाले होते. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि गावातली खोली न् खोली साहेबलोकांनी, ठेकेदारांनी भरून गेली. दिवेलागण झाली होती. पौषातली थंडी गल्लीत उतरत होती. गुलाबराव गाठोड्याला टेकून पायरीवर बसले होते. दुर्गपासून त्यांच्या अंगात ताप होता, पण ते मान्य करत नव्हते.

मीराबाईनं दार वाजवलं. मफलर गुंडाळलेल्या एका तरुण बाबूनं ते वीतभर उघडलं.

"ऑफिस बंद हो गया, अम्मा. कल आना."

"ऑफिसात नाही आलो, बाबा. पुरीले पायी चाललो. आजची रात ओसरीवर पडू देशीन?"

मराठी त्याला कळली, हे तिला त्याच्या डोळ्यांवरून दिसलं. उत्तर मात्र हिंदीतच आलं. "यहाँ नहीं रुक सकते. सरकारी जगह है. गुढियारी में देख लो, उधर कमरे मिल जाते हैं."

"गुढियारी तं रेल्वेच्या पलीकडं. यायच्यानं आता हे गल्ली ओलांडवत नाही."

त्यानं पायरीवरच्या गुलाबरावांकडे पाहिलं, नजर खाली वळवली आणि दार लोटायला घेतलं. तेवढ्यात आतून लसणाच्या फोडणीचा वास आला. मीराबाईनं फटीतून डोकावलं. दोन कपाटांच्या मध्ये दोरी होती, दोरीवर ओले बनियन. फायलींच्या ढिगामागून रजईचं टोक बाहेर आलेलं.

"तुमी इथंच राहून राहिले काय, बाबा?"

बाबू कानापर्यंत लाल झाला. आतून कोणी हाक मारली, "शेखर भैया, कौन है?" आणि आणखी दोन डोकी दारात आली.

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. नव्या राज्यात बदली होऊन तिघंही भोपाळहून आले होते. क्वार्टर अजून बांधून व्हायचे होते, गावात भाड्यानं खोली मिळत नव्हती, बायकामुलं तिकडेच. "किसी से कहना मत, अम्मा," शेखर हळूच म्हणाला, "नियम में नहीं है."

"साहेबाले मालूम नाही?"

मागचा एक जण हसला. "साहब खुद ऊपर सोते हैं."

मीराबाईनं मान वर केली. माडीवरच्या खिडकीत दिवा होता आणि कोणीतरी मोठ्यानं चूळ भरत होतं. तिला हसूच फुटलं. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली होती. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला.

"आयका," ती म्हणाली. "मी इथल्या दिवाणजीची पोट्टी. माह्या बाबाचा एकच कायदा होता. मागून कोनी आलं, तं आधी उतरलेल्यानं सरकून घ्यायचं."

मागचा एक जण आत वळला. मग आतून टेबल सरकवल्याचा आवाज आला.

गुलाबरावांना दोघांनी धरून आत आणलं, भिंतीशी रजईवर निजवलं. कोणी तापाची गोळी काढली, कोणी खिचडीत पाणी घालून ती वाढवली. मीराबाई खोली न्याहाळत राहिली. भिंतींना नवा रंग होता. समईच्या कोनाड्यात आता शिक्के आणि शाईची डबी. जिथं यात्रेकरूंची गाठोडी असत, तिथं कपाटं. पण वास तोच होता, ओल्या कपड्यांचा, कांद्यालसणाचा, दमलेल्या माणसांचा. ती जमिनीवर तळहात टेकून बराच वेळ बसली.

जेवणं झाल्यावर शेखर तिच्याजवळ येऊन बसला आणि पहिल्यांदा मराठीत बोलला. अडखळत, घरी आईशी बोलावं तसं.

"मावशी, तुमच्या वेळी लोक इथं किती दिवस राहायचे?"

"तीन राती. मंग निघाचं."

"आणि कोणी निघालंच नाही तर?"

"काहून नाही निघन? सर्वाइले कुठंतरी पोचाचं असे."

"माझी मुलगी आहे तिकडे, श्रावणी," शेखर म्हणाला. "यंदा शाळेत घातली. मी नव्हतो." मग उगाच हसून म्हणाला, "मावशी, इथून भोपाळ पायी किती लांब असेल हो?"

बाकीचे दोघंही हसले. मीराबाई हसली नाही. गुलाबरावांच्या पायांवर तिनं घोंगडं ओढलं, त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग शेखरकडे वळली.

"तो रस्ता मले ठाव नाही, बाबू," ती म्हणाली. "पन पहाटं निघालं तं पोचते मानूस."