बाप्तिस्म्याचा रविवार

लेकीच्या लग्नात शांतवन दारू पिऊन चर्चमध्येच कोसळले होते. पुढे दारू सुटली, पण लेकीला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. आज नातीचा बाप्तिस्मा, म्हणून न राहवून आले आणि मान खाली घालून शेवटच्या बाकावर बसले.

"बाळाला कोण धरणार?" पाळकांनी विचारलं.

"माझे पप्पा," म्हणत एस्तेर बाळासकट थेट त्यांच्यापाशी आली.

सगळ्यांच्या माना वळल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं शांतवनांना झालं. "नको गं. इथंच तुझी शोभा केली मी."

"देव सगळं नवं करतो, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

त्यांनी बाळ घेतलं. "हात थरथरतायत माझे."

"माझेही," म्हणत एस्तेरनं त्यांच्या हातांखाली आपले हात धरले.