खंडेनवमीचे चार तास

“सही इथं,” हर्षदा मॅडमांनी कागदावर बोट ठेवलं.

करुणानं पेन उघडलं, पण टेकवलं नाही. दिवाळीसुद्धा तिनं आकडे तपासण्यातच घालवली होती. महिनाभराची राहिलेली झोप डोळ्यांखाली जमा दिसत होती. कागदावर एकच ओळ होती: नव्या रिसीव्हरच्या चाचणीत मला सापडलेला संकेत खरा असल्याचा दावा मी मागे घेत आहे.

कवठे येमाईच्या माळावरच्या रेडिओ दुर्बिणीला उन्हाळ्यात नवा रिसीव्हर बसला. तो पारखायचा म्हणून केंद्रानं देशभरच्या खगोलशास्त्रज्ञांना पत्रं धाडली: आकाशात काय बघायचं ते तुम्ही सुचवा, वेळ आम्ही देतो. एकेचाळीस प्रस्ताव आले. त्यातल्या तिसांना रिसीव्हर पारखायचा नव्हता, स्वतःचं अडलेलं काम उरकायचं होतं. चाचणीच्या प्रमुख हर्षदा मॅडमांनी ते पहिल्या परिच्छेदावरच ओळखलं. उरलेल्यांतले नऊ निवडले.

करुणा नववी. तिची वेळ दुसऱ्या कुणालाच नको होती, हा तिचा मोठा गुण ठरला. खंडेनवमी, दुपारी बारा ते चार. जवळजवळ सगळा स्टाफ सुट्टीवर. पण तिनं दिलेलं कारण हुशारीचं होतं. त्या दिवशी शिरूर-दौंड पट्ट्यात ट्रॅक्टर, वेल्डिंग मशीन, विहिरीवरच्या मोटारी, सगळ्यांना हळदकुंकू लावून बंद ठेवतात. त्यामुळे रेडिओचा गोंगाट वर्षात सगळ्यात कमी. रेडिओलहरींच्या ज्या ठोक्यासाठी ती अकरा वर्षं आकाश चाळत होती, तो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच असतो. दूरच्या दीर्घिकेतून निघालेला असतो. असल्या शांततेतच तो ऐकू येणार.

आणि आला. दोन वाजून सतरा मिनिटांनी. एकदाच.

विद्यापीठातली तिची नेमणूक डिसेंबरात संपत होती. ठोका खरा ठरला तर तीन वर्षं वाढणार. नाहीतर सांगलीला भावाच्या क्लासमध्ये अकरावीचं फिजिक्स. भावानं वेळापत्रकात तिचं नाव घालूनही टाकलं होतं.

“पत्रात कळवलं होतं तुम्हाला,” हर्षदा मॅडम म्हणाल्या. “नऊपैकी कुणाच्या तरी वेळेत आम्ही खोटा ठोका सोडणार म्हणून. रिसीव्हरची परीक्षा, आणि तुमचीही.”

इतके दिवस सीलबंद ठेवलेला आणि आज फाडलेला लिफाफा टेबलावर होता. आतल्या चिठ्ठीत लिहिलं होतं: नवमीची पाळी. एक ठोका. नेमकी वेळ पेटी स्वतः ठरवेल.

पेटी कोपऱ्यातल्या रॅकवर होती. राखाडी, जेवणाच्या डब्याएवढी. खोटे ठोके सोडणं एवढंच तिचं काम, म्हणून स्टाफ तिला लबाड पेटी म्हणायचा. तिच्यावर कुंकवाची दोन बोटं सुकली होती. फटीत झेंडूची पाकळी अडकली होती.

“हरिबा, हिलासुद्धा कुंकू?” मॅडम हसल्या. “खोटं बोलणारी आहे ती.”

“यंत्र ते यंत्र, म्याडम,” दारात उभा असलेला हरिबा म्हणाला. केंद्रातला सगळ्यात जुना टेक्निशियन. बापानं मेंढरं सोडून शेती धरली, यानं शेती सोडून अँटेना धरला. मार्चमध्ये रिटायर होणार. “एकीला लावायचं आन् एकीला न्हाई, आसं कुटं आसतं व्हय?”

“आणि रिसीव्हरला?” मॅडमांनी विचारलं.

“त्येला लांबनं ओवाळलं. ताईंच्या कामाची तयारी चालली व्हती.”

बोलताना तो फरशीकडे बघत होता.

“पेटीनं ठोका कधी सोडला, त्याची नोंद?” करुणानं विचारलं.

“नोंद नाही ठेवत ती. ठेवली असती तर आतापर्यंत तुमच्यापैकी कुणीतरी डोकावलं असतं. आणि साधा हिशेब करा ना. पेटीचा एक आणि आकाशातला एक, असे दोन ठोके दिसायला हवे होते. तुम्हाला किती दिसले?”

“एक.”

“मग?”

करुणानं सही केली. अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं.

“अभिनंदन,” मॅडम कागद फायलीत लावत म्हणाल्या. “पास झालात. सर्टिफिकेट पोस्टानं येईल.”

दौंडला गाडी पकडायची होती. जीपचा ड्रायव्हर मोकळा बसला होता, तरी किल्ली हरिबानंच घेतली. करुणानं खिडकीला डोकं टेकलं. शिरूर गेलं, इनामगावचा फाटा गेला. उसाच्या ट्रॅक्टरमागं अर्धा तास रांगत गेले. हरिबा एरवी विचारलं नाही तरी बोलणारा माणूस. आज सबंध वाटेत तो नुसता गिअर बदलत राहिला.

दौंड स्टेशनसमोर त्यानं जीप थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

“ताई, तुमचा लई अपराधी हाय मी. तितंच बोलणार व्हतो, पर मार्चात रिटायर व्हायचंय. म्याडमला न्हाई ना सांगणार?”

“कशाचा अपराध, हरिबा?”

“तुमची परीक्षा म्या बुडवली.”

“बुडाली कुठं? पास झाले मी.” ती थकून हसली आणि बॅग उचलली. “पेटीनं खोटा ठोका सोडला, मला तो सापडला. संपलं.”

“त्येच तर कळंना मला,” हरिबा म्हणाला. “नवमीला सकाळी पूजेसाठी पेटी बंद केली, ती दुसऱ्या दिशी सोनं लुटून आल्यावरच चालू केली म्या.”