मागची खोली

कॉलेजसाठी नात शिवलीला धाराशिवला राहायला आली, तेव्हा रेवणसिद्धआप्पांनी तिला मागची स्वतंत्र खोली दिली. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तिकडे कुणी फिरकायचे नाही, असा घरात दंडकच घातला. तरीही तिचा फोन सदैव चालू! परीक्षा तोंडावर आली, तेव्हा आप्पा न राहवून आत गेले. फोनच्या पडद्यावर एक तरुण खाली मान घालून वाचत होता.

"कोण गं हा?"

"माहीत न्हाय, आप्पा. यूट्यूबवर लाइव्ह असतोय."

"शिकवतो काय?"

"न्हाय. त्यो त्याचा अभ्यास करतोय, मी माझा."

"मग बघतीस काय त्याच्यात?"

"बघत न्हाय ओ. कुणीतरी बसलंय सोबत, एवढंच."

आप्पांना काही केल्या उलगडा होईना. डोके खाजवत ते मागे फिरले. जाताना दार घट्ट ओढून घ्यायला मात्र ते विसरले नाहीत.