ताटलीतलं दूध

गोपालला बिघडलेला लूम नुसत्या आवाजावरून कळतो, पण दारातल्या कुत्र्याचं मन कळत नाही, असं शोभाबाई सकाळपासून डिंडोलीतल्या त्या अख्ख्या गल्लीला ऐकवत होत्या. म्हातारी कुत्री चांदी मेली तेव्हापासून झिपऱ्यानं पाच दिवस घास घेतला नव्हता. म्हणून लेकानं त्याला इच्छापोरच्या एका कारखान्यावर सोडायला टेम्पो बोलावला होता.

“माय, इथं मरेल तो. तिथं चार कुत्री आहेत सोबतीला.”

“डोकं लूमच्या खात्यातच ठेवून आलास का रे?” म्हणत त्यांनी दुधाची ताटली दारातल्या ओट्यावर ठेवली.

झिपऱ्या उठला. मान वळवून, शेपूट खाली धरून तो ताटलीपासून हातभर लांब थांबला. ओठ चाटत राहिला, पण पुढं सरकेना. चांदी जेवत असली की तो असाच अदबीनं उभा राहायचा.

वारा नव्हता, तरी ताटलीतलं दूध हललं. हळूहळू उतरत ते अर्ध्यावर आलं आणि थांबलं.

झिपऱ्याचं अंग सैल झालं, शेपूट हलू लागली. मग पुढं होऊन त्यानं उरलेलं दूध चाटूनपुसून साफ केलं.

गोपालच्या हातातली साखळी हातातच राहिली.

“बघतोस काय? टेम्पो परत धाड,” शोभाबाई म्हणाल्या. “आणि येताना मोठी ताटली आण. एवढ्यात दोघांचं भागत नाही.”